भाऊजींची पाच मिनिटं

आमच्या ऑफिसात माझ्या भाऊजींना सगळे 'पाचमिनिटे' म्हणतात. नव्या माणसाला ते खरंच आडनाव वाटतं. मागे बाहेरच्या एका बाईंनी 'श्रीयुत पाचमिनिटे' असं लिहून त्यांना पत्र पाठवलं होतं. भाऊजींनी त्याला अगदी मनापासून उत्तर लिहिलं, फक्त ते पोचेपर्यंत बाईंनी नोकरी बदलली होती.

माणूस लाखात एक. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांची भरपूर फिरकी घेणार आहे आणि ताईच्या नवऱ्याला नावं ठेवली की घरी माझाच कान धरला जातो. आवाज कधी चढवणार नाहीत, कुणाचं वाईट चिंतणार नाहीत. बँकेच्या रांगेत 'तुम्हाला घाई असेल तर व्हा पुढे' असं म्हणत म्हणत हा माणूस पहिल्या नंबरावरून शेवटच्या नंबरावर पोचलेला मी स्वतः पाहिलाय. एकदा एका कचेरीत ते टोकन घेऊन बसले, पाणी प्यायला म्हणून दोन मिनिटं बाहेर गेले, आणि नेमका तेव्हाच त्यांचा नंबर पुकारला गेला. परत येऊन ते बाकावर बसले ते थेट कचेरी बंद होईपर्यंत. कारकुनाने दिवे घालवता घालवता विचारलं, तेव्हा कळलं की त्यांचा नंबर सकाळी अकरालाच होऊन गेला होता. भाऊजी त्याचे आभार मानून घरी आले. दुसऱ्याची वाट बघताना त्यांचा जीव कधी मेटाकुटीला येत नाही, आणि आपली वाट बघताना दुसऱ्याचा येत असेल, हे त्यांच्या गावीही नसतं.

मी त्याच ऑफिसात टेस्टर आहे. म्हणजे इतरांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचा पगार घेतो. मुळात स्वभावच खोड्या काढायचा, त्यामुळे काम मानवलं. भाऊजी प्रोग्राम लिहितात आणि मी त्यात खोट काढतो. जावयाच्या कामात खोट काढायची लेखी परवानगी असलेला माझ्यासारखा मेहुणा दुसरा नसेल.

तर ही पाच मिनिटं. भाऊजी खोटं बोलत नाहीत, हे आधी समजून घ्या. 'पाच मिनिटांत देतो' म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात खरोखरच पाच मिनिटं असतात. घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तुम्ही चार मिनिटांनी जाऊन 'झालं का?' असं विचारलंत, की ते दचकून मान वर करतात, डोळे मिचकावतात आणि तितक्याच प्रामाणिकपणे म्हणतात, 'पाच मिनिटं.' आधीची चार कुठे गेली हे विचारायची सोय नाही. ती त्यांच्या हिशेबी झालेलीच नसतात. लग्नाच्या वेळीही तेच. ताईला बघून गेले तेव्हा 'आठ दिवसांत कळवतो' म्हणाले होते. बाबांनी आठवड्याच्या आठवड्याला निरोप पाठवायचा आणि तिकडून आठ दिवसांची मुदत यायची, असे आठ महिने गेले. बाबांच्या नाकी नऊ आले, पण ताईला माणूस आवडला होता.

मी सांगतोय ती गोष्ट गेल्या वर्षीची. ताई परिचारिकांच्या शाळेत शिकवते. एक तारखेला तिला पत्र आलं. दुसऱ्या शहरात, इथून बसने सहा तास, अशाच एका मोठ्या संस्थेत प्राचार्य म्हणून तिला बोलावलं होतं. वीस वर्षं तिने सलाईनच्या सुया कशा धरायच्या ते शिकवण्यात घालवली होती. तिथे तिला एक अख्खी संस्था आपल्या मनाप्रमाणे चालवायला मिळणार होती. राहायला जागा संस्थेची. उत्तर महिनाअखेरपर्यंत, म्हणजे तीस तारखेपर्यंत द्यायचं होतं. भाची शिकायला बाहेरगावी असल्याने तिचा प्रश्न नव्हता. प्रश्न एकच होता, भाऊजी बरोबर येणार की नाही. त्यासाठी त्यांनी आमच्या साहेबांना एवढंच विचारायचं होतं, की मी तिथे राहून काम केलं तर चालेल का.

ताईने त्याच दिवशी विचारलं. भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं, तिचं कौतुक केलं आणि म्हणाले, 'पंधरा दिवसांत सांगतो.' बारा तारखेला तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्यांच्यामागे एका पट्ट्याचा घोळ लागला होता. तो काय ते येतंच पुढे. म्हणाले, 'एवढं निस्तरू दे, पंधरा दिवस दे मला.' एकवीस तारखेला तिने तिसऱ्यांदा विचारलं आणि उत्तर आलं, 'पंधरा दिवस.' मी तेव्हा त्यांच्याकडेच जेवायला होतो. ताईने बोटांवर काहीतरी मोजलं, 'बरं' म्हणाली आणि मला आणखी भात वाढला. मला आपलं वाटलं, झालं, हेही घोंगडं असंच भिजत पडणार.

आता पट्ट्याचा घोळ. आमची कंपनी पार्सलांच्या गोदामातल्या यंत्रांसाठी प्रोग्राम लिहिते. पार्सल सरकत्या पट्ट्यावरून येतं, वाटेत त्याचा पत्ता वाचला जातो, वजन होतं, आणि मग ते आपापल्या गावच्या पिंजऱ्यात पडतं. एका प्रोग्रामच्या पोटात ही कामं शेजारी शेजारी करणारे बरेच गडी असतात, त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. एक थ्रेड पत्ता वाचतो, एक पट्टा चालवतो, एक वजनाची वाट बघतो. वाट बघणाऱ्याला उगाच ताटकळत उभं ठेवत नाहीत, त्याला झोपवतात. काही घडलं की दुसरा कुणीतरी त्याला हाक मारून उठवतो. पण हाक आलीच नाही तर तो जन्मभर झोपून राहील आणि त्याच्यामागे सगळं गोदाम. म्हणून झोपतानाच त्याला मुदत द्यायची. तिचं नाव टाइमआउट. पाच सेकंदांत वजन आलं तर उत्तम. नाही आलं तर पार्सल बाजूच्या पट्ट्यावर ढकलायचं, तिथे माणूस हाताने बघून घेईल, आणि आपण पुढच्या पार्सलला लागायचं. वजनाची वाट बघणारा हा थ्रेड भाऊजींनी लिहिला होता.

आमच्याकडे टेबलावर तो हुशार मुलासारखा वागला. मी त्याला पास केलं, सही माझी आहे. गोदामात मात्र पट्टा मध्येच थांबायचा आणि थांबूनच राहायचा, कधी दहा मिनिटं, कधी पंचवीस. बाजूच्या पट्ट्यावर पार्सल ढकललंच जायचं नाही. गोदामाच्या मॅनेजरबाईंनी पहिल्या आठवड्यात आम्हाला फोन केले, दुसऱ्या आठवड्यात साहेबांना केले. भाऊजी स्वतःचा कोड रोज वाचायचे आणि रोज तो त्यांना बरोबर वाटायचा. शेवटी साहेबांनी मला गोदामात पाठवलं.

मी वजनकाट्याशेजारी स्टूल टाकून दोन दिवस बसलो. पहिल्या दिवशी फक्त धूळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा थांबला, तेव्हा माझी कंबर धरली होती म्हणून मी भिंतीला हात टेकला, तर भिंत थरथरत होती. पलीकडच्या फाटकात एक मोठा ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता. ड्रायव्हर खाली उतरून आरामात चहा पीत होता. जमीन थरथरत होती, जमिनीवरचा काटा थरथरत होता आणि वजन काही केल्या ठरत नव्हतं. मी प्रोग्रामने लिहून ठेवलेली नोंद उघडली. त्यात ओळीमागून ओळ एकच मजकूर होता. उठला, वजन नाही, पाच सेकंद झोपला. उठला, वजन नाही, पाच सेकंद झोपला. अशा चारशेच्या वर ओळी होत्या.

झालं होतं असं, की काटा हलला की दर तीन-चार सेकंदांनी 'काहीतरी बदललं' अशी हाक मारायचा. थ्रेड उठायचा, बघायचा, वजन अजून पक्कं नाही हे त्याला कळायचं. इथपर्यंत ठीक. उठल्यावर जे हवं ते खरंच आलंय का हे बघूनच पुढे जावं, नसेल तर परत झोपावं, हे आमच्याकडे शिकाऊ माणसालाही पढवतात. पण परत झोपताना भाऊजींचा थ्रेड उरलेला एक-दीड सेकंद झोपत नव्हता. तो नव्याने पूर्ण पाच सेकंद मागून घ्यायचा. ती संपायच्या आत काटा पुन्हा हाक मारायचा आणि ये रे माझ्या मागल्या. जितक्या वेळा उठवाल तितकी त्याची मुदत लांबायची. ट्रक जाईपर्यंत ती संपणारच नव्हती.

ते वाचून मी एकटाच इतका हसलो, की मॅनेजरबाई काचेआडून बघायला लागल्या. हा कोड कुणी लिहिला ते कुठे शोधायची गरजच नव्हती. अक्षरावरून माणूस ओळखतात तसा मी त्या चारशे ओळींवरून माझ्या बहिणीचा नवरा ओळखला.

ऑफिसात परत येऊन मी सापडलेल्या चुकीची नोंद केली ती तब्येतीत. तारीख तीस होती. मथळा दिला, 'पाच सेकंद संपत नाहीत.' खाली चूक पुन्हा कशी घडवून बघायची त्याच्या पायऱ्या द्यायच्या असतात, त्या अशा दिल्या: काटा हलवावा, म्हणजे थ्रेड उठेल. तो पाच सेकंद मागेल. चौथ्या सेकंदाला परत उठवावं. तो परत पाच सेकंद मागेल. असं सेवानिवृत्तीपर्यंत चालू ठेवावं. शपथेवर सांगतो, मी हे काट्याबद्दलच लिहिलं होतं. निदान बरंचसं.

भाऊजींनी ते वाचलं. मला वाटलं हसतील, कारण स्वतःवरचे विनोद त्यांना चालतात. ते हसले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे मी त्याला दर वेळी नवीन पाच देत राहिलो."

"हो," मी म्हटलं.

"मला वाटायचं, उठवलं म्हणजे आधीचं सगळं संपलं. आता नव्याने सुरुवात."

"पार्सल मागे तसंच पडून असतं, भाऊजी."

भाऊजी कामाला लागले आणि वीस मिनिटांत दुरुस्ती झाली. चार ओळींची तर होती. पहिल्यांदा झोपतानाच मुदत किती वाजता संपणार ती वेळ लिहून ठेवायची. मग कुणी कितीही वेळा उठवलं तरी आधी ती वेळ बघायची, उरलं असेल तेवढंच झोपायचं आणि काही उरलं नसेल तर मुकाट्याने उठून पुढच्या कामाला लागायचं. मी टेबलावर काटा ठेवला आणि अर्धा तास दोन्ही हातांनी टेबल हलवत बसलो. शेजारच्या मुलीने मला बरं नाही का असं विचारलं. पण पार्सल दर वेळी बरोबर पाचव्या सेकंदाला बाजूला ढकललं गेलं, एकदाही चुकलं नाही.

माझे दंड भरून आले होते. भाऊजी मात्र पडद्याकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी तारीख विचारली. मी तीस सांगितली. ते उठले, चहा आला होता तो तसाच ठेवला आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेले. भाऊजी चहा टाकून उठले, ही बातमी जेवणाच्या खोलीपर्यंत पोचली. तीन मिनिटांत बाहेर आले. साहेब हो म्हणाले होते. महिन्यातून चार दिवस इथे यायचं, बाकी काम तिथूनच. साहेबांना उलट आधी भीती वाटली होती, की हा माणूस राजीनामा द्यायला आलाय. तीन मिनिटांच्या कामासाठी महिना गेला होता, पण त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की माझ्याने टोमणा मारवला नाही.

मला म्हणाले, चल घरी. दुपारचे चार वाजले होते. नेहमी चालताना दर दुकानाच्या काचेशी रेंगाळणारा माणूस त्या दिवशी माझ्या चार पावलं पुढे होता. वाटेत सांगत होते की घरी आपली दोन खोकी पुस्तकं आहेत, तिथल्या जागेत कपाट असेल का, नसलं तर खिडकीखाली एक फळी मारता येईल, ताईचं टेबल मात्र उजेडाकडे हवं. फळी किती लांबीची लागेल तेही त्यांनी हाताने दाखवलं. मीही म्हटलं, सुताराचं माझ्याकडे लागलं.

ताई जेवणाच्या टेबलाशी कागद पसरून बसली होती. भाऊजींनी दारात उभ्या उभ्या, बूटही न काढता सांगितलं, "मी येतोय तुझ्याबरोबर. साहेबांना विचारलं, ते हो म्हणाले. आणि आज तीस आहे. मुदतीच्या आत सांगतोय."

ताईने पेन खाली ठेवलं. तिला आनंद झाला, तो लपला नाही. म्हणूनच पुढचं ऐकायला मला फार जड गेलं.

"मी अठ्ठावीसलाच कळवलं," ती म्हणाली. "पत्र आलं त्या दिवशीच मी ठरवलं होतं, अठ्ठावीसपर्यंत थांबायचं. पुढे दोन दिवस कागदपत्रांना लागतात."

चांगलं केलंस, असं भाऊजी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग त्यांनी विचारलं, जागा कशी आहे, कपाट आहे का. ताईने पसरलेल्या कागदांतला एक त्यांच्यापुढे सरकवला. जागेच्या अर्जाची प्रत होती. 'राहणाऱ्या व्यक्ती' असं छापलेलं होतं आणि त्याच्यापुढे तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'एक.'

दोन खोल्यांची एकच जागा शिल्लक होती, ती आदल्या दिवशी, एकोणतीसला, दुसऱ्या एका कुटुंबाला गेली होती. ताईला मुलींच्या वसतिगृहातली एक खोली मिळाली होती, आणि तिथे भाऊजींना राहता येणार नव्हतं. पुढची जागा रिकामी होणार ती सहा महिन्यांनी. शहरात भाड्याने बघू म्हटलं, तर प्राचार्यांनी आवारातच राहायचं असा नियम होता. ताई हे सगळं शांतपणे सांगत गेली. मध्येच तिने, दोन लिहिलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असता तर मी खोटी पडले असते, असं म्हटलं, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाज हलला.

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण माझ्या अगदी ओठांवर आली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी आलेली म्हण गिळली. मला भाऊजींची दया येत होती. ताईचा अभिमान वाटत होता, आणि तिचा थोडा रागही येत होता.

भाऊजींनी तो कागद बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, "तू मला आणखी एकदा विचारायला हवं होतंस."

"विचारणार होते," ताई म्हणाली. "पंचवीसला मनात आलं, सत्तावीसला तर अगदी तोंडात आलं होतं. पण मी विचारलं असतं, की तुम्ही आणखी पंधरा दिवस घेतले असते. म्हणून नाही विचारलं."

तिने उभ्या आयुष्यात प्रोग्रामची एक ओळ वाचलेली नाही. मी दोन दिवस स्टुलावर बसून जे शोधलं, ते तिला किती वर्षांपासून माहीत होतं कोण जाणे. मी खिडकीकडे बघत राहिलो, कारण भाऊजींकडे बघवत नव्हतं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "निघायचं कधी तुला?"

"रविवारी. सकाळी सातची बस आहे."

भाऊजींनी कागद तिच्यापुढे नीट ठेवला. दाराशी जाऊन बूट काढले, आतून स्टूल आणलं, माळ्यावरची मोठी बॅग काढली आणि ओल्या फडक्याने पुसली. तिची चेन एका जागी अडकत होती. ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि मेणबत्तीचा तुकडा घासून, पुढे-मागे करून, ती सुरळीत चालायला लागेपर्यंत उठले नाहीत. मग ती बॅग त्यांनी ताईच्या कपाटाजवळ ठेवली आणि तिचे कपडे एकेक करून तिच्या हातात द्यायला लागले.